अंगावर पिणाऱ्या बाळाचे वजन

प्रसूतिगृहातून घरी आलेल्या बाळाचे वजन जन्माच्या वेळेपेक्षा कमी भरते, ही गोष्ट पुष्कळ घरांत प्रथम काट्यावरच कळते आणि घबराटीला तेथूनच आरंभ होतो. वस्तुतः हा निसर्गक्रम आहे. जन्मानंतरच्या तीन-चार दिवसांत बाळ शरीरातील जादा पाणी व पोटातील पहिली काळी शी बाहेर टाकते, आणि आईला त्या दिवसांत येतो तो चीक. चीक घट्ट, पिवळसर असतो आणि एका वेळी चमचा-दोन चमचेच येतो. बाळाच्या इवल्या जठराला तेवढा पुरतोही. जन्मवजनाच्या सात टक्क्यांपर्यंत घट ही नित्याची बाब मानली जाते. दहा टक्क्यांच्या पलीकडे गेली तर मात्र डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावे लागते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून वजन वळते, दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत जन्मवजन भरून येते, आणि पुढे पहिले तीन महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ होत राहते.

उदाहरण घेतले म्हणजे हिशेब स्पष्ट होतो. २,८०० ग्रॅमचे बाळ चौथ्या दिवशी २,६०० भरले, तर घट सात टक्क्यांच्या थोडी वर आहे. लक्ष ठेवावे, घाबरू नये. चौदाव्या दिवशी ते पुन्हा २,८०० झाले आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ३,१५० झाले, तर रोजची वाढ २५ ग्रॅम झाली. येथे एक चूक सर्रास होते. महिन्याच्या शेवटी ‘जन्मापासून फक्त साडेतीनशे ग्रॅम वाढले’ असे म्हणून घरचे लोक खंतावतात. वाढ जन्मवजनापासून मोजायची नसते. सर्वांत खाली गेलेल्या आकड्यापासून मोजायची असते. या बाळाने चोवीस दिवसांत साडेपाचशे ग्रॅम कमावलेले आहेत.

दुसरी चूक काट्याची. व्यापारी घरांना तराजूचे शास्त्र सांगावे लागू नये. दोन दुकानांच्या काट्यांवर एकच पोते ठेवले तर फरक पडतो, हे गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’ म्हणजे मापात कमीजास्त करणे हा एक अतिचार आहे; ज्या समाजाने मापाच्या खरेपणाला व्रताचे स्थान दिले, त्याच समाजात बाळाचे वजन मात्र कसेही केले जाते. पहिले बाळंतपण माहेरी होते. जन्मवजन नगर, बारामती किंवा बार्शीच्या रुग्णालयातील काट्यावर उघड्या अंगाने झालेले असते. पुढचे धायरीतील दवाखान्यात, झबले, टोपडे आणि लंगोटासह, कधी दूध पिण्याआधी तर कधी नंतर. पन्नास-शंभर ग्रॅमचा फेर कपड्यांत आणि दुधातच निघून जातो. एकच काटा, बाळ उघडे, शक्यतो एकच वेळ, आणि आठवड्यातून एकदा. एवढे पथ्य पुरेसे आहे. रोज वजन करणे हे तर रोज संध्याकाळी ताळेबंद मांडण्यासारखे आहे; त्यातून माहिती मिळत नाही, झोप मात्र उडते.

तथापि खरा प्रश्न जास्त वेळा वजन करण्याचा नसून, ज्या पंधरा दिवसांत ते पाहिले गेले पाहिजे त्या दिवसांत कोणीच न पाहण्याचा आहे.

महाराष्ट्राने या बाबतीत देशाला धडा घालून दिला आहे, आणि तो पुण्या-मुंबईतून नव्हे, गडचिरोलीतून. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथील ३९ खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. आरोग्यदूत नवजात बाळाच्या घरी जाई, झोळीच्या काट्यावर त्याचे वजन करी, श्वास मोजी, ते नीट पिते की नाही हे आईजवळ बसून पाही. १९९५-९६ मध्ये तेथे जन्मलेल्या बाळांपैकी ४२ टक्के बाळे अडीच किलोपेक्षा कमी वजनाची आढळली होती. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे केंद्र सरकारने ही पद्धत देशभर स्वीकारली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावे, असा आज नियम आहे.

आता धायरीकडे पाहावे. २०१७ साली पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या अकरा गावांत धायरी होती. सिंहगड रस्त्यावरून धायरी फाट्याला आत वळले की दुतर्फा किराणा, कापड, भांडी, हार्डवेअर, औषधांची दुकाने आणि वर इमारतींचे मजले. खाली दुकान, वर घर, किंवा दुकानापासून हाकेच्या अंतरावर घर, अशी वस्ती. अशा चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत सून बाळाला घेऊन येते तेव्हा तिच्या दारी सहसा कोणी आशाताई येत नाही. ती व्यवस्था प्रामुख्याने खेड्यांसाठी आणि शहरी गरीब वस्त्यांसाठी आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रुग्णालयातून सुट्टी मिळते आणि पुढची ठरलेली भेट असते दीड महिन्याच्या लसीची. दरम्यान बाळ अशक्त होत गेले तर ते ओळखायचे कोणी? गडचिरोलीतील झोपडीत जी सोय पोहोचली, ती मोटार आणि वातानुकूलक असलेल्या घरात पोहोचलेली नाही. यावर उपाय अगदी साधा आहे. सुट्टी घेतानाच तिसऱ्या ते पाचव्या दिवसातील आणि चौदाव्या दिवसाची भेट बालरोगतज्ज्ञांकडे ठरवून घ्यावी, बाळ रडत असो वा नसो.

न रडणारे बाळ हा तर वेगळाच विषय आहे. ‘आमचे बाळ फार शहाणे, रात्रभर उठत नाही’ हे कौतुक पहिल्या पंधरवड्यात ऐकले की अनुभवी परिचारिका सावध होते. पुरेसे दूध न मिळालेले बाळ प्रथम रडते, मग थकते आणि झोपते. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिणे हे या वयाचे प्रमाण आहे. तीन तास उलटून गेले तर तळपायाला गुदगुल्या करून, कपडे सैल करून उठवावे. सदतिसाव्या आठवड्यात किंवा त्याआधी जन्मलेल्या बाळांत हा धोका अधिक असतो, कारण त्यांची ओढण्याची ताकद कमी आणि झोप जास्त असते. या संदर्भात एक स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. नियोजित शस्त्रक्रियेसाठी मुहूर्त काढण्याची पद्धत काही घरांत रुजली आहे. वैद्यकीय कारण नसताना चांगल्या नक्षत्रासाठी दिवस दीड-दोन आठवडे अलीकडे ओढला, तर त्याची किंमत ते बाळ पहिल्या महिन्यात दूध ओढताना मोजते.

काट्याशिवायही जमाखर्च तपासता येतो. पोटात किती गेले हे दिसत नाही, पण बाहेर किती आले हे दिसते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट लघवी व्हावी आणि काळ्या शीचा रंग चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळा व्हावा. गडद लघवी, लंगोटावर विटकरी डाग, पाचव्या दिवशीही काळीच शी, ही दूध कमी पडत असल्याची चिन्हे आहेत. पिताना गिळण्याचा हलका आवाज आला पाहिजे. नुसते तोंड हलते आहे, गाल आत खेचले जात आहेत, चटचट आवाज येतो आहे, तर बाळ चोखते आहे, पीत नाही.

आणि येथेच बहुतेक वेळा कारण सापडते. अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळाचे वजन न वाढण्याचे सर्वांत सामान्य कारण ‘दूध नाही’ हे नसून, आहे ते दूध बाळाच्या तोंडात नीट न उतरणे हे आहे. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये ‘सितारा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राशी संलग्न बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांनी कुपोषणाच्या कामात याच मुद्द्यावर भर दिला, आणि त्यांच्या पुढाकाराने पाजण्याच्या पद्धतीचे चित्रफितींतून दिलेले पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाले. पद्धत अशी. डाव्या बाजूला पाजताना बाळाला उजव्या हाताने धरायचे. आईचा पंजा बाळाच्या मानेच्या वरच्या भागाला, कानांच्या मागे आधार देतो, डोके दाबत नाही. बाळाचे पोट आईच्या पोटाला टेकलेले. डाव्या हाताने स्तन खालून आधार देऊन, ओठांच्या रेषेत किंचित चपटा करायचा, जसा मोठा घास तोंडात घालताना आपण दाबतो. बाळाने आ वासला की त्याला आईकडे आणायचे, आईने बाळावर वाकायचे नाही. केवळ बोंडी नव्हे, तिच्याभोवतीचा काळा भाग, विशेषतः खालचा, तोंडात गेला पाहिजे. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. आईला टोचल्यासारखे दुखत असेल, बोंडीला चिरा पडल्या असतील, तर पकड चुकते आहे. ‘पहिल्यांदा सगळ्यांना दुखते’ हे वाक्य सोडून द्यावे. जिभेखालचा पडदा आखूड असणे हेही कधीकधी कारण असते, ते डॉक्टरांनी तपासावे.

मागणी तसा पुरवठा हा बाजाराचा नियम येथे अक्षरशः लागू आहे. स्तन जितका रिकामा होतो तितके दूध नव्याने तयार होते. भरलेलाच राहिला तर शरीर उत्पादन आवरते घेते. हा नियम ज्या घरात समजला नाही तेथे पुढचा प्रसंग ठरलेला. बारशाला आलेली कोणी आत्या किंवा काकी बाळ हातात घेते आणि म्हणते, ‘सुकलंय गं, दूध पुरत नाही वाटतं.’ बोलणाऱ्याचा हेतू मायेचाच असतो. सून खाली पाहते. सासूबाई काळजीपोटी मुलाला सांगतात, मुलगा खालच्या दुकानातून दुधाच्या पावडरीचा डबा आणतो. बाटली दिली की बाळ चार तास झोपते. सगळ्यांना हायसे वाटते. त्या चार तासांत स्तन रिकामा होत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी दूध कमी येते, म्हणून बाटली वाढते. पंधरा दिवसांनी खरोखरच पान्हा आटतो आणि आत्याचे म्हणणे खरे ठरते. एकत्र कुटुंबात आणखी एक अडचण असते, ती कोणी बोलत नाही. पाहुण्यांची ये-जा, दार उघडे, सासरे-दीर वावरणारे. सून आतल्या खोलीत जाऊन घाईघाईने पाजते आणि हाक आली की अर्ध्यावर उठते. तिला दिवसातून आठ-दहा वेळा अर्धा-पाऊण तास, बंद दाराआड, कोणत्याही कामाविना मिळणे हे कोणत्याही काढ्यापेक्षा परिणामकारक आहे. या व्यवस्थेची जबाबदारी सुनेची नव्हे, घरातील वडीलधाऱ्यांची आहे.

जैन घरांच्या काही चालीरीती या विषयात आपोआप बाळाच्या बाजूच्या आहेत. मध वर्ज्य असल्याने जन्मतः बाळाला मध चाटवण्याची प्रथा आपल्यात नाही. एक वर्षाच्या आत मध देऊ नये, हे आज जगभरचे बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण त्यातील जंतूंच्या बीजांपासून तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. मात्र मधाच्या जागी गुळाच्या पाण्याची गळथुथी येते, आणि तीही तितकीच अनावश्यक आहे. पाण्याचेही तसेच. उकळलेले, गाळलेले पाणी पिण्याची सवय असलेल्या घरात ‘आमचे पाणी तर शुद्धच आहे’ म्हणून उन्हाळ्यात बाळाला चमचा-चमचा पाणी दिले जाते. पहिले सहा महिने शुद्ध पाणीही नको. त्याने पोट भरते, दूध मागे पडते. डॉक्टरांनी दिलेले ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब हाच काय तो अपवाद.

आईच्या आहाराचा भाग अधिक नाजूक आहे. पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात आणि बाळ दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध घेऊ लागते. ते पाणी कोठून तरी यावे लागते. रात्रीचे पाजणे दूध टिकवण्यासाठी विशेष महत्त्वाचे, आणि पाजायला बसले की तहान लागतेच. जिने वर्षानुवर्षे चौविहार पाळला तिला रात्री पाणी पिणे जड जाते. सोलह कारण भावनांत तप सांगितले आहे ते शक्तीनुसार, आणि पाणी मोकळे ठेवणारा तिविहार परंपरेतच आहे. पर्युषणात अठाई करण्याची इच्छा असलेल्या बाळंतिणीला घरातील ज्येष्ठ स्त्रीनेच ‘यंदा नको’ म्हणावे, किंवा साधू-साध्वीजींना विचारून सूट घ्यावी. सुनेने स्वतःहून ते बोलणे कठीण असते. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत ‘अन्नपाननिरोध’ही आहे, याची येथे आठवण ठेवण्यास हरकत नाही.

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरी, मेथी, सुंठ ही बाळंतिणीची पारंपरिक शिदोरी उत्तमच. पण तिच्यात एक पदार्थ नाही, आणि त्याचा शोध पुण्यातच लागला. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींचा दीर्घ अभ्यास सुरू केला. तेथील पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. मात्र ही बाळे दिसायला कृश असली तरी त्यांच्यात चरबीचे प्रमाण त्या मानाने टिकून होते, स्नायू कमी होते. याच अभ्यासात सुमारे ६० टक्के मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. हे जीवनसत्त्व वनस्पतीत मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच थोडेफार मिळते. आईत कमी असेल तर तिच्या दुधात कमी उतरते. पहिल्या महिन्यातील वजनवाढ मंदावण्याचे हे सहसा कारण नसते. त्याची किंमत पुढे, चौथ्या-सहाव्या महिन्याच्या सुमारास दिसते: बाळ मलूल, रक्त कमी, आधी हसणारे-पाहणारे बाळ मागे पडलेले. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या घरांनी गर्भारपणातच बी-१२ तपासून घेणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुरू ठेवणे हे हिमोग्लोबिनच्या तपासणीइतकेच नित्याचे झाले पाहिजे.

साउदॅम्प्टनचे बाळ आणि धायरीचे बाळ यांची तुलना करून दुःख करू नये, तशीच शेजारच्या बाळाशीही करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार मुलांची वाढ मोजून २००६ मध्ये नवे आलेख प्रसिद्ध केले; ती मुले आईच्या दुधावर वाढलेली होती. त्याआधी वापरात असलेले अमेरिकी आलेख प्रामुख्याने बाटलीवर वाढलेल्या बाळांवरून काढलेले होते, त्यामुळे तीन महिन्यांनंतर अंगावर पिणारे बाळ उगाचच मागे पडल्यासारखे दिसे. काही आजीबाईंच्या मनातील गुटगुटीत बाळ हे त्याच जुन्या डब्यांवरच्या चित्रातील आहे. जे बाळ जागेपणी सतेज आहे, भरपूर लघवी करते, आणि आलेखावर आपली रेघ धरून सावकाश वर सरकते, ते बारीक असले तरी निरोगी आहे.

याचा अर्थ पावडर सदैव त्याज्य असा नव्हे. चौदा दिवसांत जन्मवजन भरले नाही, वाढ दिवसाला वीस ग्रॅमच्या खाली राहिली, आणि पाजण्याची पद्धत सुधारूनही फरक पडला नाही, तर डॉक्टर वरचे दूध सांगतात, तेव्हा ‘आम्ही अंगावरच पाजणार’ असा हट्ट धरणे हेही बाळाच्या जिवाशी खेळणे आहे. आईला प्रसूतीत फार रक्तस्राव झाला असेल, थायरॉइडचा दोष असेल, तर दूध खरोखर कमी असू शकते. बाळाला पिताना घाम येतो, दोन मिनिटांत धाप लागते, तर हृदय तपासावे लागते. बाळाने पिणे सोडले, जागे होत नाही, सहा-आठ तास लघवी नाही, अंग तापले किंवा गार पडले, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला, तर सकाळची वाट पाहू नये. वरचे दूध द्यायचे तर प्रथम आईचेच काढलेले दूध, वाटी-चमच्याने किंवा घरातील चांदीच्या बोंडल्याने, बाळाला उभट धरून, थेंब थेंब. पावडर द्यावी लागली तर डब्यावरचे प्रमाण तंतोतंत पाळावे. डबा पुरवून वापरण्यासाठी पाणी जास्त घालणे म्हणजे बाळाला उपाशी ठेवणे. अपुऱ्या दिवसांच्या, अतिदक्षता कक्षातील बाळांसाठी दुग्धपेढीचीही सोय आहे. आशियातील पहिली दुग्धपेढी डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू केली.

शेवटी एक बाब दुकानदारांसाठी. आपल्या समाजात औषधांची आणि किराण्याची दुकाने पुष्कळ. अर्भक दुग्धपर्याय व बाटल्यांविषयीचा १९९२ चा कायदा, २००३ च्या दुरुस्तीसह, दोन वर्षांखालील मुलांच्या दुग्धपर्यायांची, बालआहाराची आणि दुधाच्या बाटल्यांची कोणतीही जाहिरात करण्यास मनाई करतो. डबा विकणे गुन्हा नाही. पण काचेत डब्यांची आरास, ‘एकावर एक’ची पाटी, बाटली मोफत, नमुन्याची पुडी, कंपनीकडून विक्रीवर बक्षीस, हे सर्व निषिद्ध आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. चिठ्ठीविना डबा मागायला आलेल्या तरुण बापाला ‘बाळ किती दिवसांचे? डॉक्टरांना वजन दाखवले का?’ एवढे दोन प्रश्न विचारायला गल्ल्यावर अर्धा मिनिट लागतो.